पोकळ गोटे

चार दिवसांची पायपीट करून ओर्वा आणि तिचा धाकटा दीर तास्क खडूच्या टेकडीवर पोचले. हत्यारांसाठी चकमकीचा दगड त्यांची माणसं पिढ्यानपिढ्या इथूनच नेत. भाल्यांची जुनी पाती झिजली होती आणि पौर्णिमेला रेनडिअरचे कळप नदी उतरणार होते.

ओर्वानं शिंगाच्या कुदळीनं टेकडीच्या उभ्या भिंतीतून चकमकीचा एक गोटा काढला. तो वाळक्या लाकडासारखा हलका लागला. फोडला, तर आत पोकळ.

"चोरला! नदीपल्याडच्या हरामखोरांनी चोरला!" ती भडकली.

"वहिनी, चोरतील कसा? वरची साल तर शाबूत होती. ती तूच फोडलीस."

तिनं दुसरा फोडला, तिसरा फोडला. सगळे रिकामे, आणि आतल्या अंगाला पाती काढल्याच्या ताज्या खुणा.

"मग आमच्या पोरांनी खायचं काय?"

चौथा गोटा भिंतीत अर्धा रुतलेला होता. तास्कनं त्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. आत कुणीतरी दगडावर दगड ठोकत होतं, सावकाश, सरावलेल्या हातानं.

ओर्वा संतापून ओरडली, "बंद कर ते! आमचा आहे तो दगड!"

ठोकणं थांबलं. मग सालीला आतून तडा गेला.