आवडाबाईचा दिवा

"बाईमाणसाने दीपगृह राखायचं? हसं करून घेशील, आवडे!" लखमा नाखवा होडीत चढता चढता गरजला. "संध्याकाळी परततो. माझ्या होडीला नुसतं खरचटलं, तरी सकाळी गोऱ्या साहेबाला सांगून तुझं बिऱ्हाड उठवतो."

नवरा गेल्यावर आवडाबाईला त्या मनोऱ्याखेरीज छप्पर नव्हतं. तिन्हीसांजेला तिने भिंगं पुसली, वात सारखी केली आणि देवापुढे लावावा तसा दिवा लावला. उजेड तर असा पडला, की पल्याडच्या गावात कोंबडे पहाट समजून आरवले!

तेवढ्यात खाली धाडकन आवाज झाला. नाखव्याची होडी पुळणीत नाक खुपसून बसली होती. आता बिऱ्हाड उठलंच, असं धरून आवडाबाई जिना उतरली.

वाळूने माखलेला नाखवा तिच्याशी नजर मिळवेना. "दिवेलागणीला दिवा दिसला, आणि सवयीने दोन्ही हात जोडले गेले. सुकाणू सुटलं."

"मग साहेबाला काय सांगणार, नाखवा?"

"सांगतो काय, कपाळ! उद्यापासून जरा लवकर लाव, वहिनी. आम्ही खोल पाण्यात असतानाच नमस्कार उरकून घेऊ."