केबल काढल्यावर

प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या डीबगरची केबल जोडली, की तान्ह्या बाळांना ऊब देणारं यंत्र झकास चालायचं. केबल काढली, की पडदा काळा. दोन दिवस डीबगर एकच म्हणत होता: चूक नाही. चार वाजता यंत्र न्यायला तालुक्याच्या दवाखान्याची गाडी येणार होती. तिथं कमी वजनाची जुळी जन्मली होती. लहानगी लेक पाळणाघरात ठेवून आलेली, यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणारी मृणाल पुन्हा पुन्हा केबल काढून पाहत होती.

सोल्डरिंगच्या टेबलावरच्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. “केबल काढली की मरतंय? मग नाळेवरच जगतंय की गं!”

त्यांनी बोर्ड उलटा केला, भिंगातून पाहिलं, चिमट्यानं एक जोड हलवला. वीज परत नेणारी ग्राउंडची तार सुटलेली होती. इतका वेळ केबलमधलीच तार तिचं काम भागवत होती.

मावशींनी कथलाचा नवा डाग दिला. मृणालनं केबल काढली. आकडे लखलखत राहिले.

तिनं नोंदवही उघडली. “मावशी, पूर्ण नाव सांगा.”

“का गं? माझं काय चुकलं?”

“‘दोष कोणी शोधला’ इथं लिहायचंय.”

मावशींनी पदराला हात पुसले, जणू पेन त्यांनाच धरायचं होतं.