बुडालेल्या घराचं कुलूप

खारवणे गाव समुद्राखाली गेलं, तेव्हा लोक घरांना कुलपं लावून किल्ल्या घेऊन निघाले होते. आता रेश्मा पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायची आणि मागतील त्या वस्तू त्यांना वर आणून द्यायची.

आज तिने कांबळीकाकांची नारळाची खवणी आणली. होडीतल्या होडीत काकांनी तिचं गंजलेलं पातं चाचपलं, मग किल्ली परत घेतली.

"कुलूप लावलंस ना गो?"

"काका, छप्परच नाही उरलेलं. मासे वरून ये-जा करतात."

"माशांचं सोड. घर उघडं टाकून आलीस?"

होडीवाल्याने सुरू केलेलं इंजिन बंद केलं. रेश्माने टाकी पुन्हा पाठीवर चढवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.