माकडांसाठी कादंबरी

माणसाचा आवाज ऐकला की माकडं पळतात, म्हणून सौंसरकडे संत्र्याच्या बागेत भोंगा लावतात. लोक त्यात शिव्या रेकॉर्ड करून भरतात. श्रीधर मास्तरांनी मात्र बागेतच बसून आपली आवडती कादंबरी वाचून भरली होती. परग्रहावरचे येतात, सारं गाव पळून जातं, मागे राहिलेला एकटा माणूस दार लावून श्वास रोखून बसतो. बाहेर पावलं थांबतात. पुढचं भरायच्या आत मास्तर गेले.

"काकू, संत्रा तर सारा तुटला," शेजारचा वीरेंद्र बांधावरून मास्तरांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना म्हणाला. "आता भोंगा काहाले चालू ठेवून राहिल्या?"

"राहू दे."

"मंग पुस्तक तरी द्या. शेवटी काका खोकतात, तेवढं पुसतो अन् तिथून पुढचं मी वाचून भरतो. त्या माणसाचं काय झालं ते तरी समजन."

"नको बापू. काही पुसू नको."

वीरेंद्र गेला. भोंग्यात पुन्हा दाराबाहेर पावलं थांबली. मग मास्तर खोकले आणि म्हणाले, "अवं, पाणी आण थोडं."

"आणते," म्हणत मनकर्णाबाई उठल्या.