आठ फुटांची भिंत

"भिंत वाढवून आठ फूट करायची? नियम पाच फुटांचा आहे, काका. चोरांची भीती वाटते का?" नगरपरिषदेच्या इंजिनीअरबाईंनी टेप गुंडाळत विचारलं.

"चोर येतील म्हणून नाही, ही जाते म्हणून." खांद्याला पर्स लावून पायरीवर बसलेल्या काकूंकडे काकांनी पाहिलं. "निवृत्त झाल्याचं विसरते. गेटला कुलूप लावलं, तर कुंडीवर चढून भिंत ओलांडते आणि शाळेत शिकवायला निघते. परवा हायवेवर सापडली."

"मुलं खोळंबली असतील," काकू म्हणाल्या.

"परवानगी नाही देता येणार," इंजिनीअरबाई म्हणाल्या. काकांचा चेहरा उतरला.

गेटपर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "काकू, माझी मुलगी गणितात कच्ची आहे. उद्यापासून सकाळी इथेच पाठवू?"

"पाढ्यांपासून सुरू करू," म्हणत काकूंनी पर्स खुंटीला अडकवली.