बॅटरीचा नट

गाडी आजही मुकीच. मुलाच्या हातात झटक्यात सुरू होते. ह्यांनी चावी फिरवली की दिवाही लागत नाही. “माझ्यावरच रुसते, तुझ्यासारखी,” म्हणत ह्यांनी बॉनेट उघडलं. मी देवाचं नाव घेत दारातच घुटमळत राहिले. ‘नजर अधू झालीय, गाडी चालवू नका,’ असं डॉक्टरांनी बजावूनही हे ऐकत नव्हते. परवा सायकलवरचं पोर थोडक्यात वाचलं होतं. “अहो, उन्हात कशाला? मेकॅनिकला बोलवू.” “जन्मभर गॅरेज चालवलं ते काय उगाच?” फ्यूज बघितले, वायरी हलवल्या, चाचपणारी बोटं बॅटरीवर थांबली. “हा नट आपोआप सैल होत नाही.” “मीच केला,” मी पुटपुटले. ह्यांनी पाना नटाला लावला. तो बाजूलाच टेकला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. भरदुपारी. मग पाना मला देत म्हणाले, “तूच आवळ. आणि चावी चिरंजीवांकडेच राहू दे.”