बारावी स्लाइड

पोटातलं बाळ बाहेरचे आवाज ऐकतं आणि लक्षात ठेवतं, यावर प्रोफेसरबाईंनी तीस वर्षं संशोधन केलं. निवृत्तीच्या भाषणाची तालीम तर त्यांनी दोन महिने रोज दुपारी गरोदर लेकीसमोरच केली.

नात झाली, ती भलतीच रडकी. पाळणा, खुळखुळा, जावयाचं गाणं, सगळं करून झालं. शेवटी बाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि सवयीने बोलून गेल्या, "आता बाराव्या स्लाइडकडे वळू या." नात गप्प झाली आणि बघता बघता झोपली.

बाईंचा ऊर भरून आला. "बघ, ओळखला की नाही माझा आवाज?"



लेक जांभई आवरत म्हणाली, "आवाज काय, तिने स्लाइडसुद्धा ओळखली, आई. बारावीलाच माझाही रोज डोळा लागायचा."